'पं'ला जागा नव्हती

नववीतल्या एका मुलाच्या कच्च्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं एक वाक्य आहे. "पं ला जागा नव्हती. मागच्या आवर्तनात रिकाम्या मात्रा होत्या, त्यातल्या दोन घेतल्या." मात्रा म्हणजे तालाचे ठोके, आवर्तन म्हणजे त्यांचा एक पूर्ण फेरा. हा मुलगा तबला वाजवतो. मराठीच्या निबंधात चार ओळींच्या पुढे त्याची गाडी सरकत नाही. पण हे वाक्य वाचल्यावर मी वही मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. इतकी वर्षं शाळेत गाणं शिकवतेय, आणि गाणं बांधताना नेमकं काय होतं हे इतक्या थोडक्यात मला कधी लिहिता आलं नव्हतं.

मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवते. आठवड्याला एक तास, पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं मुलं वर्गात येण्यात जातात आणि पाच पेटी लागेपर्यंत. उरलेल्या वेळात प्रार्थना, समूहगीतं, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि डिसेंबर उजाडला की गॅदरिंग. गॅदरिंग म्हणजे पेनड्राइव्हवरची गाणी आणि त्यावर नाच. मुलं मनापासून नाचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या सगळ्यात संगीताच्या बाईंचं काम उरतं ते गाणं वेळेवर सुरू करायचं आणि वेळेवर बंद करायचं. यंदा मी मुख्याध्यापकांकडे वीस मिनिटं मागून घेतली. म्हटलं, नववीची मुलं स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली पाच गाणी म्हणतील. जूनमध्येच सुरुवात करते, दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर तासभर थांबते. परवानगी मिळाली.

हे करावंसं का वाटलं, ते सांगितलं पाहिजे. सोळा वर्षांची असताना मी मैत्रिणीच्या कवितेला चाल लावली होती. वहीत नोटेशन करून ज्यांच्याकडे शिकत होते त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी वही उघडलीही नाही. "आधी शंभर चिजा पाठ करा, मग बघू," म्हणाले. चिजा म्हणजे रागांतल्या बंदिशी. मी शंभराच्या वर पाठ केल्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोचले. त्यांनी सांगितलं ते अगदीच चूक होतं असं आजही माझ्या तोंडून येत नाही, कारण त्या चिजांनीच माझा कान घडवला. पण ती वही मी पुन्हा कधी उघडली नाही. चाल सुचली तरी ती कुठे लिहून ठेवायची नाही अशी सवयच लागली आणि हळूहळू चाल सुचायचीच थांबली. ते दुःख फार जुनं आहे, पण आहे.

तर जूनमध्ये पंचवीस मुलं थांबली. पाच गट केले. मी दोन अटी घातल्या. गाणं स्वतःच्या बघण्यातल्या गोष्टीवर हवं. आणि चाल पाचच स्वरांत हवी : सा रे ग प ध. म नाही, नी नाही.

दुसऱ्या अटीवर आरडाओरडा झाला. "मॅडम, दोन स्वर कापले तर उरतं काय?" मी म्हटलं, भूप उरतो. पण पहिल्याच दिवशी रागाचं नाव घेऊन त्यांना बांधून ठेवायचं नव्हतं. अट घातली ती वेगळ्या कारणानं. सातही स्वर दिले की मुलांचे हात पेटीवर आपोआप ओळखीच्या गाण्यांकडे वळतात. पाचांत तशी वाट सापडत नाही, थोडं शोधावं लागतं.

तरी व्हायचं ते झालंच. दुसऱ्या शुक्रवारी एका गटानं एसटी स्टँडवरचं गाणं पूर्ण बसवून आणलं, टाळ्यांसकट. सगळ्या वर्गानं लगेच ठेका धरला, कारण सगळ्यांना ती चाल आधीच येत होती. शब्द तेवढे नवे. गटातल्या मुलींचे चेहरे उतरले. "आम्ही ढापली नाही मॅडम, आपोआप आली." माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. आपोआप येणारी पहिली चाल बहुतेक वेळा कुणाची तरी असतेच. मी त्यांना संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांबद्दल सांगितलं. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे मूळ चिजेचे किंवा पदाचे शब्द दिलेले असत. त्यात लाजण्यासारखं कुणाला काही वाटत नसे. चाल कुणाची ते उघड सांगितलं म्हणजे झालं. तुम्हीही वहीत लिहा, कुठून आली ते. आणि मग बघा, त्यातला कुठला तुकडा तुमच्या स्टँडवर शोभत नाही. त्या मुलींनी सहा आठवडे एकेक तुकडा बदलला. शेवटी मूळ चालीतलं काय उरलं ते मलाही शोधून सापडलं नाही.

आता वहीबद्दल. प्रत्येक गटाला एक शंभर पानी वही दिली होती. उजव्या पानावर नोटेशन, भातखंडे पद्धतीनं : मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराच्या खाली टिंब, तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, स्वराच्या वर टिंब, शब्द लांबवायचा असेल तिथे अवग्रह (ऽ), समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, फुली, 'खाली'ला, म्हणजे जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेला, शून्य. डाव्या पानावर आज काय केलं त्याबद्दल चार ओळी. पहिले तीन शुक्रवार डाव्या पानांवर मला काय मिळालं? "आज खूप मजा आली." "चाल बसवताना छान वाटले." "आम्ही सर्वांनी एकजुटीने काम केले." पाचही गटांचं सारखंच, जणू एकानं सांगितलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं.

चूक माझी होती. मी विचारत होते, "कसं वाटलं?" या प्रश्नाला शाळेतल्या मुलाकडे एकच उत्तर असतं, आणि ते उत्तर त्याला पहिलीपासून पाठ असतं. चौथ्या शुक्रवारी मी प्रश्न बदलला. फळ्यावर लिहिलं : गेल्या वेळी काय होतं? आज काय खोडलं? का खोडलं? आणि खोडरबर जमा करून घेतले. खोडायचं ते एका रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे. त्या दिवसापासून डावी पानं बोलायला लागली.

पाचही गटांबद्दल लिहायचं तर फार लांबेल. हळदीच्या सौद्यावरचं गाणं फार गोड झालं. त्या गटातल्या एका मुलीचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. सौद्यात बोली पुकारणाऱ्याचा आवाज शेवटी जसा खाली पडतो, तो पडणारा सूर तिनं घरी बसून पेटीवर शोधून काढला, सां ध प असा, आणि अख्खं गाणं त्या तीन स्वरांभोवती उभं केलं. तिला मी कुमार गंधर्वांबद्दल सांगितलं. देवासला आजारपणात गाणं बंद पडलेलं असताना त्यांनी माळव्यातल्या लोकांचं गाणं कान लावून ऐकलं आणि त्या धुनांमधून पुढे नवे राग उभे केले. तिनं विचारलं, "म्हणजे बाजारातलं घेतलं तरी चालतं?" मी म्हटलं, चालतं काय, तिथूनच येतं. वसतिगृहाच्या जेवणावरचं गाणं वर्गात सगळ्यांना आवडलं, मला तेवढं आवडलं नाही. शब्द चांगले होते, चाल पहिल्या ओळीनंतर पुढे सरकतच नव्हती. तसं त्यांना सांगितलंही. पाचवा गट दिवाळीनंतर फुटला, दोघं दुसऱ्या गटांत गेले.

मला लिहायचंय ते चौथ्या गटाबद्दल.

त्यांचा विषय होता २०१९ चा पूर. तेव्हा ही मुलं चौथीत होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फूट आहे, हा त्याचा अर्थ. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्नच्या वर गेली. या आकड्यांवर इथल्या पोरांचं लहानपण मोजलं जातं. त्यामुळे त्यांच्या पहिल्या ओळी आकड्यांतूनच आल्या :

चाळीस झालं, झोपा म्हणाले
पंचेचाळीस, उठा म्हणाले
पहाटेला उंबऱ्यावर
पाणी आलं, पाणी आलं

ओळी वाचून मी काही बोलले नाही. वर्गातही कुणी बोललं नाही.

पहिली चाल त्यांनी बांधली ती अगदी सरळ. पाणी चढतं म्हणून स्वर चढत न्यायचे. चाळीसला सा, मग रे, मग ग, असं करत ध पर्यंत. ऐकायला नीटस वाटत होती. गटात एक मुलगा आहे, त्याचा आवाज याच वर्षी फुटला. जूनमध्ये तो मुलींबरोबर काळी चारमध्ये गात होता, गणपतीपर्यंत त्याचा आवाज पार खाली उतरला आणि पंचमाच्या, म्हणजे प च्या, वर गेला की चिरकायला लागला. त्याला ही चढती चाल म्हणताच येईना. तो चिडून म्हणाला, "मी आपला खालीच थांबतो." आणि त्यानं दोन्ही ओळी एकाच सुरावर म्हटल्या, षड्जावर, म्हणजे सा वर, मधे कधीतरी रे ला हात लावून परत. लाउडस्पीकर लावलेली रिक्षा गल्लीतून जाताना जशी सूचना ऐकू येते, तशा.

गटातली खिडकीजवळ बसणारी मुलगी एकदम म्हणाली, "हेच बरोबर आहे. पाणी पायरीपायरीनं चढत नाही. आपण बघत असतो तेव्हा ते हलतच नाही. डोळा लागला की चढलेलं असतं."

मग त्यांनी चाल फिरवली. चाळीस आणि पंचेचाळीस, दोन्ही ओळी खाली, जवळजवळ बोलल्यासारख्या. आणि 'पहाटेला' हा शब्द एकदम धैवतावर, म्हणजे ध वर, मधली एकही पायरी न घेता. त्या मुलानं डाव्या पानावर लिहिलं, "मला वर जाता येत नव्हतं म्हणून मी खाली राहिलो. नंतर कळलं की गाण्यालाच खाली राहायचं होतं." हे चौदा वर्षांच्या मुलाचं वाक्य आहे. मी त्यात एक शब्दही बदललेला नाही.

ताल सुरुवातीला केरवा होता, कारण मुलांचं सगळंच सुरुवातीला केरव्यात पडतं. दोन शुक्रवार तसं म्हटल्यावर त्यांनाच ते खटकायला लागलं. वरातीसारखं वाटतंय, म्हणाली. तबल्यावर बसणारा मुलगा त्या वेळी परीक्षेसाठी रूपक बसवत होता. तो म्हणाला, रूपकात करून बघू का? ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा. मला वाटलं, तयारी चाललीय म्हणून त्याला हौस आलीय. पण डाव्या पानावर त्यानं लिहिलं होतं : "केरव्यात समेवर धा येतो. धा म्हणजे पाय जोरात जमिनीवर. आमच्या गल्लीत तेव्हा पायाला जमीन लागत नव्हती. रूपकात समेवर ती आहे. तिथे डग्गा गप्प असतो."

डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला घुमणारा. रूपकाची सम 'खाली'वर असते, हे मी मुलांना किती वेळा शिकवलं असेल. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न असतो. समेवर टाळी नाही, शून्याची खूण, हात उलटा करून दाखवायचा. पण ते ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं का वाटतं, हा विचार मी कधी केला नव्हता. त्या शुक्रवारी घरी जाऊन मी डग्ग्यावर हात ठेवून एकटीच रूपक म्हणत बसले होते.

आता ते 'पं'चं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची किंवा अनुस्वार असलेल्याची दोन. 'चाळीस झा' या सात मात्रा होतात. 'लं झोपा म्ह' सात. मग 'णाले' चार मात्रा, आणि त्या आवर्तनात तीन मात्रा रिकाम्या उरतात. इथपर्यंत सगळं नीट बसलं. 'पंचेचाळीस' मात्र नऊ मात्रांचा शब्द. सातांत नऊ कुठून बसणार? मुलांनी आधी शब्द दाबून पाहिला, 'पंचेचळिस' असा. तो ऐकून एकीनं कानच झाकले. मग आकडा बदलू म्हणाले. त्रेचाळीस घेऊ, तो बरोबर सात मात्रांचा आहे. त्यावर खिडकीजवळची मुलगी चिडली, "धोका पंचेचाळीसलाच असतो. गाण्यासाठी पाणी कमी करायचं का?" मला तिथे काहीतरी सुचवायचा फार मोह झाला. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी उठून खिडक्या लावायला गेले.

पाठ वळवून उभी होते तेव्हा मागून तबला सुरू झाला आणि ऐकू आलं : झोपा म्हणाले, मग एका मात्रेचा श्वास, आणि 'पं'. मागच्या आवर्तनाच्या रिकाम्या तीनांपैकी शेवटच्या दोन मात्रा 'पं'ला, आणि समेवर 'चेचाळीस', बरोबर सात. झोपा म्हणून सांगितलंय, ते वाक्य जेमतेम संपतंय, तोवर पुढचा आकडा दारात. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. मात्रा पुरत नव्हत्या म्हणून केलं, आणि करून झाल्यावर कळलं की त्या रात्रीही तसंच झालं होतं.

मधे एका रविवारी मी सगळ्यांना मिरजेला घेऊन गेले होते. सांगलीपासून अर्ध्या तासाच्या आत मिरज, पण पंचवीसपैकी एकोणीस मुलांनी तिथली तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची सतारमेकर गल्ली पाहिलेली नव्हती. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९३१ मध्ये याच गावात देह ठेवला, किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले आणि इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, हे सगळं मी बसमध्ये सांगितलं. मुलांनी ते अर्धंमुर्धं ऐकलं. पण एका दुकानात कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते, तिथून मुलं हलायला तयार होईनात.

जवारी लावणं म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात तिचा, वरचा पृष्ठभाग अगदी किंचित कानशीनं घासायचा आणि मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. धागा नेमक्या जागी आला की तार साधी टणत्कार करायची थांबते आणि गुंजायला लागते. कारागिरांनी तार छेडली, मान हलवली, तार बाजूला केली, घोडीवर कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, तार परत बसवली, छेडली. पुन्हा बाजूला केली. वीसेक मिनिटं हेच. एका मुलानं विचारलं, "काका, कळतं कसं झालं ते?" त्यांनी मान वर केली नाही. "झालं नाही ते कळतं," म्हणाले आणि परत कानस हातात घेतली.

पुढच्या शुक्रवारी तीन गटांच्या वहीत ते वाक्य होतं. मुलं एकमेकांच्या चाली ऐकून "झालं नाही अजून" असं म्हणायला लागली, आणि ते कुणाला लागेनासं झालं. तोवर "नाही आवडली" म्हटलं की भांडणं व्हायची.

पूरगाणं नोव्हेंबरात पूर्ण झालं असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. 'पहाटेला' धैवतावर. पुढे 'उंबऱ्यावर'ही ध आणि प च्या आसपास. मी पेटी धरून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं, मुलं देशकारात आली आहेत. स्वर भूपाचेच, तेच पाच. पण भूपात वजन गंधारावर, म्हणजे ग वर, असतं आणि देशकारात धैवतावर, आणि तेवढ्यानं राग बदलतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. शब्द पहाटेचा होता आणि सूर आपण होऊन सकाळच्या घरात गेला होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा रागांची नावं घेतली. भूपाची आणि देशकाराची एकेक चीज गाऊन दाखवली. पोरं हरखून गेली, मीही गेले.

पुढच्या आठवड्यात खिडकीजवळची मुलगी गंभीर चेहऱ्यानं आली. घरी गाणं म्हणून दाखवलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पहाटं कुठलं गं? जेवत नव्हतो का आपण? ताटं तशीच ठेवून उठलो." मुलीला आठवत होती ती पहाट खरीच होती, पण ती दुसऱ्या दिवसाची होती. एका शाळेत, सतरंजीवर, अनोळखी माणसांच्या मधे जाग आली ती पहाट. पाणी आलं ते आदल्या रात्री, जेवणाच्या वेळी.

त्यावर गटात पाऊण तास वाद चालला. असा वाद मी स्टाफरूममध्येही ऐकलेला नाही. एकाचं म्हणणं, गाणं आहे, बातमी नाही, पहाट चांगली वाटते, राहू दे. दुसरीचं म्हणणं, आईला खोटं वाटलं तर गाणं कुणासाठी? तबलजीनं तेवढ्यात बोटांवर मोजून सांगितलं, 'जेवताना'च्या पण सातच मात्रा होतात. जेवताना उंबऱ्यावर, पाणी आलं. शब्द खटक्यासारखा जागेवर बसला.

पण मग सूर बसेना. त्यांनीच परवा भूप आणि देशकार ऐकले होते, आता कान गप्प बसायला तयार नव्हते. 'जेवताना' धैवतावर म्हटलं की मुलगी मान हलवायची, "सकाळ वाटते." गंधारावर आणलं, ग रे ग प ग असं घरात बसल्यासारखं, तर शब्दाला शोभलं, पण मोठी उडी गेली. खालच्या सा वरून एकदम वर, डोळा लागला की चढलेलं, ज्या गोष्टीसाठी त्यांनी दोन महिने घालवले होते तीच गेली. आवाज फुटलेल्या मुलाला त्याचं फार वाईट वाटलं. त्यानं त्या दिवशी डाव्या पानावर एवढंच लिहिलं, "उडी गेली."

माझ्या मते शिकवणाऱ्याची खरी परीक्षा अशाच वेळी असते. मला उत्तर दिसत होतं, पण सांगितलं असतं तर गाणं माझं झालं असतं. आणि न सांगता नुसतं बघत बसणं हेही बरोबर नाही, मुलं दमलेली होती, परीक्षा जवळ आली होती. मी एवढंच विचारलं, "त्या घरात, जेवताना, सगळ्यात मोठा आवाज कशाचा झाला असेल?" कुणी म्हणालं ताट पडल्याचा, कुणी म्हणालं कुत्र्याचा. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई ओरडली. आलं, म्हणून."

उडी तिथे गेली. 'जेवताना उंबऱ्यावर' सगळं गंधाराच्या आसपास, शांत, भूपात. 'पाणी' अजून खालीच. आणि 'आ' एकदम धैवतावर, तीन मात्रा लांब, आणि 'लं' खाली समेवर, जिथे डग्गा वाजत नाही तिथे.

आवाज फुटलेला मुलगा पहिल्या दोन ओळी म्हणतो. 'आलं' ती मुलगी म्हणते.

गॅदरिंगला जानेवारीत हे गाणं झालं. तबला, पेटी, माझा जुना तंबोरा. मांडवात मागे खुर्च्या ओढायचे आवाज चालूच होते, माईकनं एकदा शिट्टी मारली. तिसऱ्या ओळीला पुढच्या चार-पाच रांगा शांत झाल्या, एवढं मला पेटीवरून दिसलं. नंतर पालक भेटायला आले ते बहुतेक नाचाचे फोटो काढायला आलेले होते. त्या मुलीची आई मात्र थांबली होती. माझ्याशी काही बोलली नाही, मुलीचा हात धरून उभी राहिली आणि गेली.

गाण्याला दुसरं कडवं आहे. त्याची पहिली ओळ, 'भाकरी ती ताटात राहिली'. ती मुलीनं स्वतः लिहिली होती, आईनं ताटांचं सांगितल्यावर.

परवा सोमवारी ती मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत आली. कच्ची वही परत पाहिजे म्हणाली. गॅदरिंग झालं, वही कशाला, असं विचारणार होते, पण तिनं उघडून पान काढलंसुद्धा होतं. म्हणाली, "आई म्हणते भाकरी नव्हती. दिवसभर लाइट नव्हती, पीठ दळायचं राहिलं होतं. खिचडी होती." मग वहीत बघत म्हणाली, "भाकरीच्या पाच मात्रा होतात, खिचडीच्या चारच. एक कमी पडते, मॅडम."

मी वही तिला दिली. पुढचा तास शुक्रवारी आहे.